याला थोडा काउंटर हवा

साध्या माणसाला गाणं आवडलं की तो ते गुणगुणतो. अरेंजरला गाणं आवडलं की तो म्हणतो, "छान आहे, पण मागे काही चाललेलंच नाही. याला थोडा काउंटर हवा." मग डोळे मिटून, डाव्या हाताने हवेत काहीतरी खाली दाबत आणि उजव्याने काहीतरी वर ओढत, मूळ चालीशी लांबचंही नातं नसलेली एक ओळ तो तोंडाने वाजवून दाखवतो. "ही चेलोंना द्यायची," तो सांगतो. त्याच्या ओळखीत एकही चेलोवाला नाही. तरीही त्याने चेलोंसाठी एवढं लिहून ठेवलंय, की उद्या कुणी वसई रोड स्टेशनावर चेलो घेऊन उतरलाच तर त्याला वर्षभर घरी जाता येणार नाही.

त्याचं नाव सांगत नाही. कारण असा एक नंदाखालला आहे, एक गासला, एक पापडीला आणि एक विरार पूर्वेला बारा मजली सोसायटीत, जिथे त्याच्याविरुद्ध लेखी तक्रारी आहेत. मी इथे सगळ्यांचा मिळून एकच माणूस करतो. कुणी भांडायला आलंच, तर "तुम्ही नव्हे हो, ते दुसरे" असं म्हणायची सोय राहते.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत. खांद्यावरच्या पिशवीत पाच-पाच रेघांचे कोरे कागद, शिसपेन्सिली, साबणाच्या वडीएवढं खोडरबर आणि डझनभर चिमटे. कपडे वाळत घालायचे, साधे प्लास्टिकचे. चिमट्यांचं रहस्य नवख्याला कळत नाही. अर्नाळा किंवा भुईगावच्या बाजूला मैदानात रिसेप्शन असलं, की संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो आणि पहिल्या अंतऱ्यालाच क्लॅरिनेटचा कागद उडून जेवणाच्या टेबलावर जातो. असा एक कागद पुलावाच्या भांड्याशेजारी सापडला होता. त्यावर पडलेला रश्श्याचा थेंब पुढे कित्येक लग्नांत सूर म्हणून वाजवला गेला. मूळ सुरापेक्षा तो बरा होता, असं म्हणणारे लोक अजून आहेत.

हा माणूस याच पट्ट्यात एवढा का उगवतो, यावर माझं एक मत आहे. इथे एका आळीत ऐकू येतं ते दुसऱ्या आळीत येत नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीज होते. ते गेले, पण चर्चमधलं गाणं राहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा गायनवृंदांना मराठी गीतं लागली आणि ती वेगवेगळ्या आवाजांत बसवून देणारा कुणीतरी लागला. ख्रिस्ती लग्नात ब्रास बँड. पलीकडे आगरी-कोळ्यांच्या हळदीला बेंजो. गणपतीत ढोल-ताशा. जीवदानीच्या डोंगराखाली भजनी मंडळ. एवढ्या सगळ्यांच्या मधोमध लहानपण गेलेला मुलगा एक तर कान झाकून घेतो, नाहीतर हे सगळे एकाच वेळी वाजले तर कसं होईल असा विचार करू लागतो. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला वेळीच कुणी आवरलं नाही, तर तो अरेंजर होतो.

इतिहासाकडेही तो याच कानाने बघतो. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या; त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला. लोक मेणवलीला घाट बघायला जातात. आमचा अरेंजर कुटुंबाला घेऊन गेला तो थेट घंटेखाली मोबाइलमधला ट्यूनर लावून उभा राहिला. बायको-मुलं कृष्णेत पाय बुडवून, फोटो काढून, भेळ खाऊन परत आली तरी हा वहीत आकडेच लिहीत होता. "ही आपल्याकडे असती, तर एका जागी छान पंचम मिळाला असता," तो हळहळला. पेशव्यांबद्दल वसईत अनेकांची अनेक मतं आहेत. त्यांनी आपली हार्मनी फोडली, ही तक्रार मात्र त्याच्या एकट्याची.

अरेंजर म्हणजे नक्की कोण, हे त्याला विचारू नये. डीजेने 'अमर अकबर अँथनी'तलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं लावलं, की सगळा हॉल नाचायला उठतो आणि हा जो हाताला लागेल त्याला कोपऱ्यात नेतो. "हा अँथनी खरा होता, माहितेय? अँथनी गोन्साल्विस. गोव्यातला, माजोर्ड्याचा. प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं त्याने. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात देशी रागांसाठी अख्खी सिंफनी उभी केली होती. शिष्याने १९७७ मध्ये गुरूचं नाव गाण्यात घातलं, आणि लोकांना वाटतं अमिताभने गंमत केली." मग गाडी सेबास्टियन डिसोझांवर येते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनं जी दुसरीच गोष्ट सांगत असतात, ती त्यांची. मग आपले सी. रामचंद्र आणि त्यांच्याबरोबरचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, जो 'अलबेला'त आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. मग अनिल मोहिले. लोक त्यांना अनिल-अरुण या जोडीतले संगीतकार म्हणून ओळखतात, पण दुसऱ्यांच्या किती गाण्यांना त्यांनी कपडे शिवले ते कुणी मोजत नाही. एवढं होईस्तोवर गाणं संपून तिसरं लागलेलं असतं, नाचणारे घामाघूम होऊन बसलेले असतात आणि कोपऱ्यात सापडलेला माणूस "पाणी घेऊन येतो" म्हणून गेलेला असतो. तो पाणी घेऊन आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

लोकलमध्येही सुटका नाही. सकाळच्या विरार गाडीत टाळ वाजवत चर्चगेटला जाणारी भजनी मंडळी असते. दाराशी लटकलेल्यांपासून खिडकीत डुलक्या घेणाऱ्यांपर्यंत सगळा डबा त्यांचं निमूट ऐकतो. कुणी मनातल्या मनात ठेका धरतो. आमच्या अरेंजरने एकदा भजन संपल्यावर नम्रपणे सुचवलं, "तुम्ही सगळे एकच सूर गाताय. अर्ध्या लोकांनी त्याच्या वरचा तिसरा धरला, तर?" बुवांनी टाळ थांबवले. डब्यात इतकी शांतता मीरा रोड आणि दहिसरच्या दरम्यान कधी नसते. "काका," बुवा म्हणाले, "इथे अर्ध्या लोकांना अर्ध्यांपेक्षा वरचं काही दिलं, तर मंडळ उद्या दोन डब्यांत बसेल." माझ्या मते हार्मनीवरची एवढी खोल टीका कुठल्या पुस्तकात नसेल. पण त्याला ती पटली नाही. तो पुढचे दोन आठवडे पुढच्या डब्यातून गेला.

शिकला कसा, ते सांगायला हवं. सुरुवात गिटारवर तीन कॉर्ड शिकण्यापासून. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी तीन सूर, हे कळलं त्या दिवसापासून त्याला एकटा सूर ऐकवेना. कुकरची शिट्टी झाली तरी तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून तिच्याखाली दोन सूर धरायचा. मग पुस्तकं. हेन्री मॅन्सिनीचं १९६२ मधलं 'साउंड्स अँड स्कोअर्स' कुणीतरी परदेशातून आणून दिलं. रिम्स्की-कोर्साकोव्हचा ऑर्केस्ट्रेशनवरचा ग्रंथ, जो लेखक वारल्यावर पाच वर्षांनी, १९१३ साली छापून आला, तो त्याने पूर्ण वाचला. त्यातली सगळी उदाहरणं लेखकाच्या स्वतःच्याच रचनांतली आहेत, ही गोष्ट त्याला इतकी आवडली की त्यानेही त्याच पद्धतीने एक वही लिहायला घेतली. बायकोने ग्रंथ चाळून एवढंच विचारलं, "यात लग्नातलं काही आहे का?"

मग संगणक आला. 'फिनाले' नावाचं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर तो चिकाटीने, रात्री जागून शिकला. १९८८ पासून चालत आलेली गोष्ट. सगळी पुढची पंचवीस वर्षं त्याच्यावर काढायची, असं ठरलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की आता आम्ही थांबतो. त्या आठवड्यात तो घरात कुणी गेल्यासारखा वागला. नंतर फुकटच्या म्युझस्कोरवर आला आणि आता फिनालेचं नाव काढलं तरी "त्यात काही दम नव्हता" म्हणतो.

संगणकासारखा लाडावणारा गुरू नाही. त्याच्यातला ट्रम्पेटवाला दमत नाही. वरचा सूर पाच मिनिटं धरून ठेव म्हटलं तर धरून ठेवतो, श्वास घेत नाही, ओठ सुजत नाहीत, मध्येच "मास्तर, चहा?" म्हणत नाही. अरेंजर हेडफोन लावून रात्री दोन वाजता स्वतःची रचना ऐकायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. अशा चाळीस-पन्नास रचना झाल्यावर त्याने त्यांतली एक छापली आणि गावातल्या एका म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याकडे नेली.

हा म्हातारा ताडदेव आणि महालक्ष्मीच्या स्टुडिओंत वाजवून आलेला. संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची, अरेंजरने ती कागदावर पन्नास माणसांत वाटायची, मग गायकासकट सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं आणि एक जण चुकला तर सगळ्यांनी पुन्हा; या काळातला तो माणूस. की-बोर्ड आले, पन्नासांचं काम दोघांत होऊ लागलं, आणि तो चिकूची आणि केळीची झाडं सांभाळायला परत आला. त्याने चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि त्याच्या त्या बांद्र्याच्या हिंदीत विचारलं, "साँस किधर लेगा, मॅन?"

अरेंजरने सांगितलं, की गाणं चार मिनिटांचं आहे.

"हां. मर जायेगा ना वो."

मग ट्रॉम्बोनची ओळ. तिथे दोन शेजारचे सूर भराभर आलटून-पालटून होते. पेटीवर काळी पाच आणि तिच्या लगतची पांढरी सात, म्हणजे दोन बोटांचं काम. म्हाताऱ्याने उठून दोन्ही हात पुढे केले आणि दाखवलं. ट्रॉम्बोनला बटणं नसतात, नळी पुढे-मागे सरकवायची असते. त्यांतला एक सूर पहिल्या जागेवर, नळी पार छातीशी, आणि दुसरा सातव्या जागेवर, जिथे हात संपतो. "शादी की वरात में," म्हातारा म्हणाला, "आगे ढोलवाला चलता है. उसकी गर्दन देखा है?"

त्या दिवसापासून त्याचं शिक्षण सुरू झालं असं मी मानतो. तो स्वतः तसं मानत नाही. तो शिक्षण मॅन्सिनीपासून धरतो.

पण म्हाताऱ्याचं ऐकणं वेगळं आणि गळी उतरणं वेगळं. मे महिन्यातल्या एका हळदीसाठी त्याने एक कोळीगीत बसवलं. चाल अशी, की आमच्याकडची मुलं ती चालायला लागण्याआधी शिकतात. त्याने आधी संथ वॉल्ट्झमध्ये प्रस्तावना घातली. मग चाल ट्रॉम्बोनला खालच्या सुरांत दिली आणि तिच्यावर क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, दोन ट्रम्पेट असे चार काउंटर सोडले. मध्ये दोनदा पट्टी बदलली. आणि शेवटाकडे एक ओळ दुसरीच्या मागे, दुसरी तिसरीच्या मागे धावते असा फ्यूगही काढला. मांडवात सगळे तयारीत होते. नवऱ्याची आजी एक हात कमरेवर आणि एक वर असा पवित्रा घेऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने हात बदलले. आणखी थोड्या वेळाने दोन्ही हात खाली घेतले आणि शेजारणीला विचारलं, "गाणं कधी सुरू करणारेत?" फ्यूग ऐन रंगात असताना नवऱ्याचा मामा स्टेजजवळ आला आणि कीबोर्डवाल्याला म्हणाला, "साउंड चेक लवकर आटपा, माणसं खोळंबलीत." शेवटचा सूर संपला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मामाच टाळी वाजवून ओरडला, "झालं? चला, आता वाजवा!"

म्हाताऱ्याने ती प्रत ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. साबणाच्या वडीएवढं खोडरबर त्यानंतरचं. आधीचं त्या एका रात्रीत संपलं होतं. कागदावर चाल होती, ठेका होता, आणि मधेमधे एखादी ओळ. बाकी पांढरं. "सब कुछ एकदम क्यूँ बजाता है?" म्हाताऱ्याने विचारलं. "बाद में दूसरा कुछ काम है क्या?"

यानंतरचा अरेंजर मला जास्त आवडतो, कारण त्याची वेडं आता माणसांबद्दलची आहेत. आमच्या बँडमधला पहिला ट्रम्पेट पाण्याच्या टँकरचा धंदा करतो. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि टँकरसराई एकदम. ऐन अंतऱ्यात त्याचा फोन थरथरतो आणि ओठ ट्रम्पेटला लागलेले असतानाही नालासोपाऱ्यातल्या कुठल्या सोसायटीची टाकी कोरडी आहे ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. क्लॅरिनेटवाले निवृत्त पोस्टमन. त्यांनी नवी कवळी बसवल्यापासून वरच्या सप्तकातले तीन सूर गेले, खालचे मात्र पूर्वीपेक्षा गोड लागतात. ट्रॉम्बोनवाल्याची मोगऱ्याची वाडी आहे. फुलं घेऊन तो पहाटेच्या गाडीने दादरला जातो, त्यामुळे रात्री आठ वाजता त्याला सोळा बारांची विश्रांती लिहून दिली तर तो सतराव्या बारला उठत नाही. आल्टो सॅक्सोफोन वाजवणारी मुलगी कॉलेजात आहे आणि तिच्या कॅनडाच्या व्हिसावर सगळ्यांचं लक्ष आहे. बाकीचे अंधेरी-गोरेगावच्या नोकऱ्यांतून येतात, म्हणजे येतील की नाही हे पश्चिम रेल्वे ठरवते.

या माणसांसाठी लिहायचं, तर पुस्तक मिटावंच लागतं. मोगऱ्याला आता आठ बारांपेक्षा मोठी विश्रांती नाही. मध्ये उगाच एक 'पाँ' ठेवलेला असतो, गाण्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. पोस्टमन खालच्या घरात. टँकरची प्रत्येक महत्त्वाची ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावरही बारीक अक्षरात. याला 'क्यू' म्हणतात. मूळ वादक हजर असला तर ती बघायची नाही, नसला तर बिनबोभाट वाजवायची. भाईंदरच्या खाडीपुलाजवळ लोकल अडकली की आमच्या बँडमध्ये निम्मे लोक निम्म्यांचं वाजवतात आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. रिम्स्की-कोर्साकोव्हला हे सुचायचं कारण नव्हतं; त्याचे लोक वेळेवर येत असावेत.

हळूहळू कागदांवरची वाद्यांची नावं गेली. 'ट्रम्पेट एक'च्या जागी 'टँकर', 'ट्रॉम्बोन'च्या जागी 'मोगरा', 'क्लॅरिनेट'च्या जागी 'पोस्ट'. ड्यूक एलिंग्टनही आपल्या बँडच्या कागदांवर वाद्याऐवजी वाजवणाऱ्याचं नाव लिहायचा, हे त्याला नंतर कळलं. त्या दिवशी त्याने सगळ्यांना चहा पाजला. पोस्टमनना वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे.

आणि पट्टी! जगातल्या सगळ्या अरेंजरांचा एक शत्रू असतो आणि तो गातो. पुढच्या लग्नात नवरीची चुलत बहीण गाणार होती. पट्टी ठरली काळी दोन. आता कीबोर्डवाल्याला काळी दोन म्हणजे काळी दोन. पण ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही वाद्यं लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली बोलतात आणि आल्टो सॅक्सोफोन तर त्याहून वेगळंच बोलतो. त्यामुळे अरेंजर प्रत्येकाला त्याच्या भाषेत कागद लिहून देतो. काळी दोनमध्ये हे सुखाचं होतं: सॅक्सोफोनच्या कागदावर एकही तीव्र-कोमल खूण नाही, ट्रम्पेटला एकच कोमल. कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी चुलत बहीण येऊन म्हणाली, "अंकल, आज गळा मस्त लागलाय. जरासं वर घेऊ या. एवढंसंच." आणि बोटांनी मीठ घालतात तेवढं दाखवलं.

एवढंसंच म्हणजे काळी दोनची पांढरी तीन. कीबोर्डवाल्याने ट्रान्स्पोजचं बटण एकदा दाबलं आणि मोबाइल बघत बसला. इकडे ट्रम्पेटला सहा तीव्र खुणा लागल्या आणि सॅक्सोफोनला सात, म्हणजे सगळेच्या सगळे सूर. सॅक्सोफोनवाल्या मुलीने कागद बघून मनात हिशेब केला आणि शांतपणे वाद्य पेटीत ठेवायला सुरुवात केली. अरेंजरने चुलत बहिणीला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता मॅन्सिनी येणार. पण तो एवढंच म्हणाला, "बेटा, काळी दोनमध्ये तुझा आवाज जास्त गोरा लागतो." ती क्षणभर विचारात पडली आणि खाली आली. याला ऑर्केस्ट्रेशन म्हणावं की नाही हे जाणकारांनी ठरवावं, बँड वाचला.

त्या रात्री तेच कोळीगीत पुन्हा वाजलं. पहिल्या बारलाच चाल, उघडी-वाघडी, दोन ट्रम्पेट एकत्र. टँकर आला होता. मुखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा पोस्टमनांनी खालून एक ओळ सोडली, जिथे गाणारी श्वास घेते नेमकी तिथे, आणि ती परत गायला लागताच ते गप्प. मग एका ठिकाणी ढोल सोडून सगळेच थांबतात. चार बार नुसता ढोल आणि टाळ्या. आणि मग मोगऱ्याचा तो 'पाँ'. या 'पाँ'ला मांडव असा उसळला की जनरेटरवाला बाहेरून धावत आला. मागच्या वेळची ती आजी निमंत्रण नसतानाही या लग्नाला आली होती. तिने दोन्ही हात वर घेतले ते गाणं संपेपर्यंत खाली घेतले नाहीत. गाणं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ट्रॉम्बोनच्या भोंग्यात कुणीतरी पन्नासची नोट सारली आणि तो 'पाँ' जरा दबका आला. अरेंजरने तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं: 'म्यूट? चांगलं लागतं.'

जेवणं आटोपल्यावर नवरीचे काका हिशेबाची वही घेऊन बसले. बँडच्या एकेका माणसाला पाकीट दिलं, गाणारीला साडी दिली, साउंडवाल्याचे दिले. अरेंजर घुटमळत उभा होता.

"तुझं काय रे?" काकांनी विचारलं.

"गाणं मी बसवलं."

"चाल तुझी?"

"नाही. चाल जुनी आहे."

"शब्द?"

"ते पण जुने."

"गायलास?"

"नाही."

"वाजवलंस काही?"

"नाही. मी कुणी काय वाजवायचं ते लिहिलं. आणि कुणी कुठे वाजवायचं नाही ते."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे सगळे गप्प बसतात, तो तुझा भाग?"

"हो," अरेंजर म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याचं काम कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

काकांनी मान हलवली, वहीत एक जागा शोधली, आणि बर्फ व जनरेटर यांच्यामध्ये लिहिलं: 'गप्प बसवणे: ५०१'. पाचशेची नोट आणि वर एक रुपया त्याच्या हातावर ठेवून ते म्हणाले, "फेब्रुवारीत धाकटीचं लग्न आहे. हेच गाणं पाहिजे. तो 'पाँ' दोनदा ठेव."

अरेंजरने पैसे न मोजता खिशात घातले आणि तारीख विचारली. सॅक्सोफोनवाली जानेवारीत कॅनडाला चालली होती. तिची ओळ पोस्टमनना द्यायची तर ती कवळीच्या खाली आणायला हवी होती. त्याने तिथेच, केळीच्या पानांच्या ढिगाशेजारी खुर्ची ओढली, कागदाला चिमटा लावला आणि खोडरबर काढलं.